एका पात्रावर प्रबंध लिहिता येतो का? : उर्सुला इग्वारान आणि हरवलेली अंगठी

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं : 'उर्सुला ही बुएन्दिया कुटुंबाचा आधारस्तंभ असून ती त्याग, सहनशीलता आणि मातृत्व यांचे प्रतीक आहे.' मला ते फार आवडलं होतं. गाईडनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, 'कशावरून?'

मला उत्तर देता येईना. कादंबरी दोनदा वाचलेली, पानापानावर खुणा केलेल्या. तरी या वाक्याला आधार म्हणून बोट ठेवावं असं एकही पान मिळेना. कारण सरळ होतं. ते वाक्य कादंबरीतून आलेलंच नव्हतं. ते माझ्याकडे आधीपासून तयार होतं, मी फक्त उर्सुलाच्या नावापुढे चिकटवलं होतं. सिनॉप्सिस परत लिहायला मला जवळजवळ सहा महिने लागले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून आजचा हा लेख.

पेट झालीय, विषय शोधताय आणि एखाद्या पात्रावर काम करावंसं वाटतंय, अशांनी हे वाचावं. एक सूचना आधीच देते : कादंबरीचा शेवट यात येणार आहे. आधी वाचायची असेल तर वाचून या, लेख कुठे पळून जात नाही.

थोडक्यात ओळख

गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' ही मूळ स्पॅनिश कादंबरी १९६७ साली ब्युनोस आयर्समध्ये प्रसिद्ध झाली. ग्रेगरी रबासा यांचा इंग्रजी अनुवाद १९७० चा. लेखकाला नोबेल मिळालं १९८२ मध्ये. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर मालिकेचा पहिला भाग आल्यापासून ती न वाचलेल्यांनाही माकोन्दो हे गाव माहीत झालंय. बुएन्दिया घराण्याच्या सात पिढ्या, दर पिढीत तीच ती नावं, होसे आर्कादियो आणि आउरेलियानो. वाचताना पहिल्या पानावरच्या वंशावळीकडे शंभर वेळा जावं लागतं.

या सगळ्यांत सर्वांत जास्त काळ टिकते ती उर्सुला. होसे आर्कादियो बुएन्दियाची बायको आणि नात्याने त्याची चुलतबहीणसुद्धा. शंभरी ओलांडून ती जगते. तिच्या स्वतःच्या अंदाजाने तिचं वय ११५ ते १२२ च्या मधलं कुठलं तरी. एवढं लांबलचक आयुष्य असलेलं पात्र मिळालं की आपण समीक्षेतला सगळ्यांत सोपा शब्द उचलतो : आधारस्तंभ.

आधी अदलाबदल करून बघा

गाईडनी मला एक साधी युक्ती सांगितली. आपण लिहिलेल्या वाक्यातलं पात्राचं नाव काढायचं आणि दुसऱ्या कुठल्याही कौटुंबिक कादंबरीतल्या आईचं नाव तिथे घालायचं. वाक्य तसंच खरं राहिलं, तर ते तुमच्या पात्राबद्दल काहीच सांगत नाही.

माझं वाक्य या कसोटीत साफ आपटलं. त्याग, सहनशीलता, मातृत्व हे कुणालाही लागू पडतं. शाळेपासून आपण 'आई' या विषयावर निबंध लिहीत आलोय, त्यातला हा माल. त्यात एक आणखी गोची आहे. स्तंभ घर तोलून धरतो हे खरं, पण स्तंभ विचार करत नाही. कुणाला आधारस्तंभ म्हटलं की आपण तिचा मान राखल्यासारखं वाटतं आणि त्याच वेळी तिच्या डोक्यात काय चाललंय हे विचारायची जबाबदारी टळते.

मग मी वहीत दोन रकाने केले. डावीकडे समीक्षक उर्सुलाला लावतात ती विशेषणं, उजवीकडे उर्सुला प्रत्यक्ष करते त्या गोष्टी, पान क्रमांकासह. डावा रकाना पाच ओळींत संपला. उजवा अकरा पानं चालला.

उजवा रकाना काय सांगतो

सुरुवातीचीच उदाहरणं घ्या. नवरा संशोधक आहे. जिप्सींकडून लोहचुंबक घेतो, भिंग घेतो, मग किमयेच्या नादाला लागतो. या संशोधनाला पैसा कुठून येतो? उर्सुलाच्या वडिलांनी जन्मभर साठवलेली सोन्याची नाणी तिने पलंगाखाली पुरून ठेवलीयत, त्यातून. सोनं दुप्पट करायच्या प्रयोगात ती नाणी वितळून भांड्याच्या बुडाला करपून बसतात. नंतर घर चालतं ते उर्सुलाच्या साखरेच्या प्राण्यांवर : साखरेचे कोंबडे, मासे, घोडे करून ती विकते. वाढलेल्या कुटुंबासाठी मोठं घर बांधलं जातं तेही तिच्याच पुढाकाराने, तिने साठवलेल्या पैशातून. फेलोशिपची वाट बघत घरच्यांच्या पैशावर पीएचडी करणाऱ्यांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग पुढचा आहे. बाहेरच्या जगाशी माकोन्दोला जोडणारी वाट शोधायला होसे आर्कादियो मोहीम काढतो, समुद्राशी जाऊन अडतो, आणि परत आल्यावर रागाच्या भरात एक मनमानी नकाशा काढतो. माकोन्दोला सगळीकडून पाण्याने वेढलंय हा समज त्या नकाशामुळे गावात बराच काळ टिकतो. पुढे मोठा मुलगा जिप्सींबरोबर निघून जातो, त्याच्या मागे उर्सुला जाते आणि जवळपास पाच महिने बेपत्ता होते. मुलगा सापडत नाही. पण परत येताना तिच्याबरोबर दलदलीपलीकडची माणसं असतात. नवऱ्याला न सापडलेली वाट तिला सापडलेली असते, आणि ती वाट जेमतेम दोन दिवसांची.

आता सांगा, या घरात वाट शोधणारं कोण आहे? नकाशा एकाच्या नावावर आहे आणि वाट दुसरीला माहीत आहे. इथे मला पहिल्यांदा वाटलं की 'उर्सुला काय सहन करते' यापेक्षा 'उर्सुलाला काय कळतं आणि ते कसं कळतं' हा प्रश्न कामाचा आहे.

अंगठी

म्हातारपणी उर्सुलाला मोतीबिंदू होतो आणि दृष्टी जाते. ती कुणाला सांगत नाही. सांगितलं तर आपण निरुपयोगी झालो हे जाहीर होईल, ही तिची भीती. ती माणसांचे आवाज, वस्तूंमधली अंतरं आणि वास पाठ करते. सुईत दोरा ओवते, दूध उतू जायच्या बेतात आलंय हे ओळखते. घरातल्या मोठ्यांना बराच काळ पत्ता लागत नाही.

एक दिवस फर्नांदाची, म्हणजे पणतसुनेची, लग्नातली अंगठी हरवते. घरभर शोधाशोध होते. अंगठी काढून देते ती आंधळी उर्सुला : मुलांच्या खोलीतल्या एका फळीवरून.

कशी? कादंबरी याचं उत्तर अगदी तपशिलात देते. डोळस माणसं बेसावधपणे वावरत असताना उर्सुला उरलेल्या चार इंद्रियांनी त्यांच्यावर लक्ष ठेवून असते. तिच्या ध्यानात येतं की घरातला प्रत्येक जण नकळत रोज त्याच वाटांनी फिरतो, तीच कामं करतो, ठरलेल्या वेळी जवळजवळ तेच शब्द बोलतो. यातून जरा बाजूला सरकला तरच त्याची वस्तू हरवायचा धोका. त्या दिवशी फर्नांदाने वेगळं काय केलं? आदल्या रात्री मेमेला ढेकूण दिसला म्हणून गाद्या उन्हात घातल्या. तेव्हा मुलं तिथेच होती. म्हणजे अंगठी काढून ठेवली असणार ती मुलांचा हात पोचणार नाही अशा एकाच जागी, फळीवर. फर्नांदा मात्र ती रोजच्या वाटांवर शोधत बसली.

हा प्रसंग मी किती वेळा वाचला असेल सांगता येत नाही. यात जादूचा लवलेश नाही. निरीक्षण आहे, त्यातून काढलेला नियम आहे, नियमाला पडलेला अपवाद आहे, अपवादावरून बांधलेला अंदाज आहे आणि फळीवर हात फिरवून केलेला पडताळा आहे. कोर्सवर्कला संशोधनपद्धतीच्या तासाला आपण जे फळ्यावरून उतरवून घेतो, ते एक आंधळी बाई गाद्या आणि ढेकणांच्या भाषेत करून दाखवते.

त्याच सुमाराला आणखी एक छोटा प्रसंग आहे. बेगोनियाच्या व्हरांड्यात भरतकाम करत बसलेल्या आमारान्ताला, म्हणजे स्वतःच्या मुलीला, उर्सुला धडकते. आमारान्ता वैतागते, बघून चालायला सांगते. उर्सुला उलट तिलाच चूक ठरवते : तूच नको तिथे बसलीयस. आणि मग तिच्या लक्षात येतं की वर्षभरात सूर्याची जागा हळूहळू बदलते, त्याबरोबर व्हरांड्यात बसणारी माणसंही नकळत आपली जागा सरकवत असतात. त्यानंतर आमारान्ता नेमकी कुठे बसली असेल हे कळायला उर्सुलाला फक्त तारीख आठवावी लागते.

इथे तिचा आधीचा नियम अपुरा ठरलाय. माणसं त्याच जागी बसतात असं तिचं गृहीतक होतं, ते आपटलं म्हणजे शब्दशः आपटलं. पुराव्याशी धडक झाल्यावर तिने नियम सुधारला. मी माझ्या 'आधारस्तंभ'च्या बाबतीत हे करायला सहा महिने घेतले.

मुलांचं पुनर्वाचन

नजर गेल्यावर उर्सुला घराण्याचा सगळा इतिहास मनात पुन्हा तपासायला घेते, आणि तिचे जुने निष्कर्ष एकेक करून बदलतात.

कर्नल आउरेलियानोचं मन युद्धांनी कठोर केलं असं ती इतकी वर्षं समजत होती. आता तिला वाटतं, त्याने कधी कुणावर प्रेम केलंच नाही, बायकोवरही नाही. तो लढला तो अहंकारापोटी. आमारान्ताच्या कठोरपणाची तिला धास्ती वाटायची. आता तिला वाटतं, आमारान्ताइतकी हळवी बाई दुसरी झाली नाही. तिच्यात अमर्याद प्रेम आणि न हटणारा भित्रेपणा यांची झुंज चालू होती आणि भीती जिंकली. आणि रेबेका, जी तिचं दूध प्यायलेली नाही, माती आणि भिंतीचा चुना खाऊन वाढलेली पोर. आपल्या वंशात असावं असं उर्सुलाला वाटायचं ते बेधडक धाडस फक्त तिच्यातच होतं.

विद्यार्थी इथे एक चूक हमखास करतात. मीही केली. हे निष्कर्ष म्हणजे कादंबरीचाच अंतिम निकाल आहे असं धरून आपण प्रकरण लिहून मोकळे होतो. थांबा. अंगठीचा पुरावा फळीवर मिळतो. मनाच्या बाबतीत अशी फळी नाही.

कर्नलचं उदाहरण घ्या. त्याचा मित्र हेरिनेल्दो मार्केस त्याला युद्धाच्या काळात बजावतो की तुझं काळीज आतून नासत चाललंय. म्हणजे हेरिनेल्दोच्या मते आधी काही तरी शाबूत होतं आणि युद्धाने ते बिघडलं. हा दुसरा निष्कर्ष. आता पुरावे बघा. बायको रेमेदियोस मरते तेव्हा कर्नलला खोल धक्का बसत नाही, एक बोथट संताप येतो आणि हळूहळू विरून जातो. हे उर्सुलाच्या बाजूने. पण लग्नाआधी हाच माणूस रेमेदियोसवर कविता करत होता, चर्मपत्रांवर, न्हाणीघराच्या भिंतींवर, स्वतःच्या दंडांवरसुद्धा. हे तिच्या विरुद्ध. दोन्ही बाजू मांडा. 'उर्सुला बरोबर आहे का?' हा प्रश्न उघडा ठेवूनही प्रकरण उभं राहतं, कदाचित जास्त चांगलं उभं राहतं.

शिवाय तिची चूक लपवू नका. रेबेकाने तिच्या मोठ्या मुलाशी लग्न केलं तेव्हा उर्सुलानेच दोघांना घराची दारं बंद केली होती. रेबेकाबद्दलचं शहाणपण तिला येतं तोवर रेबेका एका बंद घरात कित्येक वर्षं एकटी राहून म्हातारी झालेली असते. उर्सुलाला साध्वी करून ठेवलंत तर हा दोष तुम्हाला दिसणार नाही, आणि तो दिसला नाही तर तिच्या मत बदलण्याची किंमतही कळणार नाही.

तीन सावधगिऱ्या

पहिली : उर्सुला म्हणजे लेखकाची आजी, असं लिहू नका. गार्सिया मार्केझ लहानपणी अराकाताकात आजीआजोबांकडे वाढले, आजीचं माहेरचं आडनाव इग्वारान होतं, आणि अद्भुत गोष्टी निर्विकार चेहऱ्याने सांगायची तिची पद्धत आपण उचलली असं ते स्वतः सांगत. हे सगळं खरं आहे. पण त्याने पात्राचा उलगडा होत नाही, फार तर प्रस्तावनेत एक परिच्छेद होतो.

दुसरी : भाषा. माझ्यासारखे बहुतेक जण ही कादंबरी रबासांच्या इंग्रजीतून वाचतात. हे प्रबंधात स्पष्ट लिहा. ज्या वाक्यावर तुमचा मुद्दा उभा आहे, निदान तेवढं वाक्य मूळ स्पॅनिशमध्ये कोणाच्या तरी मदतीने तपासून घ्या.

तिसरी : 'जादुई वास्तववाद' हा शब्द दिसला की आपण जादूच मोजत बसतो. मुलाच्या रक्ताची धार गावभर वळणं घेत उर्सुलाच्या स्वयंपाकघरात येते, हा प्रसंग सगळे उद्धृत करतात. पण ती धार घरात आल्यावर गालिचे खराब होऊ नयेत म्हणून भिंतीच्या कडेकडेने जाते! रक्तालासुद्धा या घराची शिस्त माहीत आहे. आणि पावासाठी छत्तीस अंडी फोडायच्या बेतात असलेली उर्सुला काय करते? त्या धारेचा माग उलटा काढत मुलाच्या प्रेतापर्यंत पोचते. जादू लेखकाची, माग काढणं तिचं.

मग ते ज्ञान गेलं कुठे?

आता माझ्या प्रबंधाचा खरा प्रश्न. या घरात आणखी एक ज्ञान आहे, कागदावरचं. मेल्कियादेस या जिप्सीची हस्तलिखितं, तीही संस्कृतात लिहिलेली, वरून सांकेतिक लिपीत. घरातले पुरुष पिढ्यानपिढ्या त्या खोलीत बसून ती लावायचा प्रयत्न करतात आणि शेवटच्या आउरेलियानोला ती लागतात. समीक्षेतही या खोलीवर भरपूर लिहिलं गेलंय. रोबेर्तो गोन्सालेस एचेवारिया यांनी १९९० च्या 'मिथ अँड आर्काइव्ह'मध्ये लॅटिन अमेरिकन कादंबरीचा विचार दफ्तरखान्याच्या, म्हणजे अर्काइव्हच्या अंगाने केला आणि त्यात मेल्कियादेसच्या खोलीला महत्त्वाची जागा दिली. वाचाच. मात्र वाचताना मनात ठेवा की दफ्तरात जे गेलं नाही त्याचं काय झालं.

उर्सुला तर आपले निष्कर्ष मोठ्याने बोलून दाखवते. भिंती चाचपत चालताना ती रेबेकाचं नाव घेऊन आपण तिच्यावर अन्याय केला असं म्हणते. घरच्यांना वाटतं, म्हातारी भ्रमिष्ट झाली. फक्त फर्नांदाला, जिचं तिच्याशी फारसं सूत नाही, या बडबडीत काही तरी उजेड आहे हे कळतं. कारण गेल्या वर्षभरात घरात किती खर्च झाला हे उर्सुला न अडखळता सांगू शकते.

आणि मग शेवट. उर्सुलाची जन्मभराची भीती एकच : नात्यातल्या लग्नातून डुकराची शेपटी असलेलं मूल जन्मेल. ही भीती हवेतली नाही. तिच्या मावशीला असा मुलगा झाला होता. तो ४२ वर्षं जगला आणि एका खाटीक मित्राने मदत म्हणून सुऱ्याने शेपटी तोडली त्यात मेला. घराण्यातली ही एक पक्की नोंद होती, फक्त ती कुठे लिहिलेली नव्हती.

उर्सुला गेल्यावर कित्येक वर्षांनी आमारान्ता उर्सुला आणि आउरेलियानो, आपण मावशी-भाचा आहोत हे माहीत नसलेले, एकत्र येतात आणि शेपटी असलेलं मूल जन्माला येतं. दोघं घाबरत नाहीत. त्यांना घराण्यातला आधीचा दाखला माहीतच नाही. आणि सुईण त्यांना धीर देते : पुढे दुधाचे दात पडले की शेपटी कापून टाकता येईल.

मी हे वाचून पुस्तक मिटवून ठेवलं होतं. ज्या उपायाने पहिला मुलगा मेला तोच उपाय आता सल्ला म्हणून दिला जातोय, आणि खोलीत असं कुणी नाही ज्याला ते माहीत आहे. हे मूल पुढे वेगळ्याच कारणाने दगावतं, त्यामुळे 'उर्सुलाचं ऐकलं असतं तर ते वाचलं असतं' असं मी म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण एवढं म्हणता येतं : ज्या घराने संस्कृत हस्तलिखितं लावण्यात शंभर वर्षं घालवली, त्या घराने आजीला नीट विचारून घेतलं नाही. आणि ते मूल ज्या बाईच्या पोटी जन्मलं तिचं निम्मं नाव उर्सुला होतं.

शेवटी, वाक्य

माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे : 'उर्सुलाला निरीक्षणातून मिळालेले ज्ञान, त्यात तिने केलेल्या दुरुस्त्या आणि ते ऐकून घेणारे कुणी नसणे, यांच्या आधारे कादंबरीतील लिखित व अलिखित ज्ञानाचे नाते तपासणे.' कानाला जरा रूक्ष लागतं, मान्य आहे. पण त्यात दुसऱ्या आईचं नाव घालून बघा, बसत नाही. 'कशावरून?' असं कुणी विचारलं तर दाखवायला पानं आहेत.

तुम्ही ज्या पात्रावर काम करणार आहात त्याच्यासाठी आज रात्री वहीत दोन रकाने करा. डावा भरून झाला की त्यावर काट मारा. उजव्यात निदान वीस नोंदी पान क्रमांकासह होईपर्यंत सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य लिहू नका. आणि अंगठी रोजच्याच वाटेवर शोधत बसलोय असं वाटलं, तर त्या दिवशी गाद्या कुणी उन्हात घातल्या होत्या ते आधी आठवून बघा.